टँकर कधी येतो, हे रेडिओवर कसं सांगायचं

मार्चचा दुसरा आठवडा, पहाटेचे साडेपाच. वस्तीवरच्या टाकीपाशी रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली असते. माणसं घरातच असतात, कारण हंडा ठेवला की नंबर लागला. लांबून टँकरचा हॉर्न ऐकू येतो, मग धावत्या पावलांचा आवाज, मग घागरी एकमेकींवर आपटल्याचा, आणि पाइप टाकीत सोडल्यावर वीस-पंचवीस बायका एकदम बोलायला लागतात. टँकर गेल्यावर जी शांतता पसरते तीही वेगळी असते. छापील बातमीत यातलं काहीच येत नाही. रेडिओवर मात्र हे सगळं दीड मिनिटात श्रोत्याच्या घरात पोचवता येतं.

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात मी बरीच वर्षं असे आवाज गोळा करतोय. काही काळ एका सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी, काही काळ आकाशवाणीसाठी. नवी मुलं-मुली येतात, हातात चांगले मोबाइल असतात, उत्साह असतो, आणि पहिला प्रश्न हाच असतो: गावचा प्रश्न रेडिओवर मांडायचा म्हणजे नेमकं काय करायचं? म्हणून सविस्तर लिहितोय. उदाहरण शेवटपर्यंत शक्यतो एकच ठेवतो, टँकरचं. त्यातले आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण रीत खरी आहे. स्थानिक रेडिओचं काम मी एवढंच मानतो: वस्तीचा आवाज कार्यालयापर्यंत न्यायचा आणि कार्यालयाचं उत्तर वस्तीपर्यंत आणायचं. ही फेरी पूर्ण झाली नाही तर कार्यक्रम कितीही गोड वाजला तरी अर्धाच.

आधी आपली चौकट ओळखा

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. त्यानंतर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांना स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र चालवण्याची वाट खुली झाली. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची मान देशी तरंग वाहिनी २००८ मध्ये सुरू झाली ती याच वाटेनं. अशा केंद्राचा पल्ला साधारण पाच ते दहा किलोमीटर, मध्ये डोंगर आला तर त्याहून कमी. म्हणजे तुमचा श्रोता तुम्हाला बाजारात भेटतो. ही या माध्यमाची ताकद आहे आणि जबाबदारीही.

पण एक मोठी मर्यादा पहिल्याच दिवशी समजून घ्या. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू राजकीय घडामोडी प्रसारित करता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, त्यात काना-मात्रेचा बदल चालत नाही. पाणी, वीज, हवामान, रस्ते, आरोग्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, परीक्षा, सण-उत्सव यांची माहिती देता येते. त्यातल्या नागरी सुविधांच्या आणि आपत्तीच्या सूचना स्थानिक प्रशासनाकडून आलेल्या असाव्यात. शिवाय आकाशवाणीची संहिता पाळावी लागते. कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला नाही, धर्म किंवा समाजावर टीका नाही, बदनामी नाही, हिंसेला चिथावणी नाही, न्यायालयाचा अवमान नाही. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा असतो. हा नियम जाच म्हणून बघू नका. कोणी तक्रार केली तर तीच फाइल तुम्हाला वाचवते.

मग उरतं काय? खूप उरतं. ‘तहसील कचेरीवर आज मोर्चा’ ही बातमी झाली, ती सोडा. ‘वस्तीला टँकर कोणत्या नियमानं मिळतो, तो मंजूर कोण करतं, खेपा कशा मोजायच्या, कमी आल्या तर कुणाकडे जायचं, आणि गेल्या पंधरवड्यात लोकांना काय अनुभव आला’ हा विकासाचा कार्यक्रम झाला. सामुदायिक केंद्राच्या किमान निम्म्या कार्यक्रमांत स्थानिक लोकांचा सहभाग असावा अशी अपेक्षाच आहे. दुसऱ्या प्रकारचा कार्यक्रम मला मोर्चाच्या बातमीपेक्षा जास्त टोकदार वाटतो. मोर्चा संध्याकाळपर्यंत संपतो, पण खेपा मोजायला शिकलेली बाई पुढच्या उन्हाळ्यातही मोजते.

बातमीच द्यायची असेल तर वाट आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागाची. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं असे विभाग आहेत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांचे अंशकालीन वार्ताहर असतात. पुण्याहून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणारं बातमीपत्र अजूनही कितीतरी घरांत चहाबरोबर ऐकलं जातं. तिथं तुमच्या वाट्याला फार तर मिनिटभर येईल. पुढे सांगतोय ती तयारी दोन्हीकडे सारखीच लागते.

विषय इतका बारीक करा की ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येईल

‘तालुक्यातला पाणीप्रश्न’ या नावाचा कार्यक्रम करू नका. तो कुठून सुरू करावा ते कळत नाही आणि संपतो तेव्हा कुणालाच काही करावंसं वाटत नाही. ‘या वस्तीला मंजूर झालेल्या खेपा येतात का?’ असा एकच प्रश्न घ्या. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम एवढ्यानं भरतो. धरण, कालवा, बोअरवेल, दुष्काळनिधी हे सगळे विषय मोहात पाडतील. त्यांच्यासाठी दुसरं पान ठेवा.

मायक्रोफोनच्या आधी कागद

नवशिके थेट वस्तीवर जातात आणि तक्रारी ध्वनिमुद्रित करून येतात. मग अधिकारी एका वाक्यात सांगतात, ‘असं काही नाही,’ आणि आपल्याकडे पुढचा प्रश्न नसतो. म्हणून आधी दोन-तीन दिवस कागदाला द्या.

टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरनं पाणी द्यायचा हिशेब माणशी रोज २० लिटरचा आहे. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं, त्यात नळानं माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वस्ती कुठे उभी आहे ते दिसतं. टँकर मंजुरीच्या आदेशात वस्तीचं नाव, लोकसंख्या आणि रोजच्या खेपा लिहिलेल्या असतात. तो पंचायत समितीत किंवा तहसील कार्यालयात बघायला मागा. टँकरसोबत खेपांची नोंदवही असते आणि त्यावर गावच्या सह्या असतात. ती सही कोण करतं, रोज करतं की आठवड्याची एकदम, हे विचारा. मला विचाराल तर टँकरच्या अर्ध्या कहाण्या या सहीपाशी सुरू होतात.

पैशाची बाजू घरबसल्या बघता येते. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा आणि खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेली होती. तुमच्या पंचायतीनं त्यातून पाण्यावर काय केलं, हा प्रश्न सरपंचांना विचारताना हातात त्या पानाची प्रिंट असू द्या. प्रिंट बघितली की मुलाखतीचा सूर बदलतो.

विहिरींचं विचाराल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या भागातली विहीर कोणती आणि पातळी गेल्या काही वर्षांच्या तुलनेत कुठे आहे, हे जिल्हा कार्यालयात मिळतं. कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच: १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर ४८ तास. अर्जात ‘पाणीप्रश्नाबाबत सर्व माहिती’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक वस्तीच्या खेपांच्या नोंदवहीची प्रत’ असं लिहा.

कागद येईपर्यंत वस्तीवर स्वतंत्र मोजणी सुरू करा. टाकीसमोर जिचं घर आहे अशा एखाद्या बाईला किंवा कॉलेजातल्या मुलीला शंभर पानी वही द्या. टँकर आला ती वेळ, टाकी पूर्ण भरली की अर्धी, आणि गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे, एवढंच तिनं लिहायचं. चौदा दिवस. यातून जो आकडा निघतो तो तुमचा स्वतःचा असतो, आणि अधिकाऱ्यासमोर तो वापरता येतो.

आवाज गोळा करणं

हा भाग शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि इथंच कार्यक्रम बनतो किंवा बिघडतो.

यंत्राचं आधी उरकतो. वेगळा रेकॉर्डर असला तर उत्तम, नसला तर मोबाइल पुरतो. मोबाइल विमान मोडवर टाका, फाइल एमपी-थ्रीऐवजी वेव्हमध्ये घ्या, आणि कानाला हेडफोन लावूनच मुद्रण करा. मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला. माळरानावर वारा हा मोठा शत्रू असतो, तेव्हा फोमची टोपी हवीच. तीही नसेल तर भिंतीच्या आडोशाला या. मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या हातात देऊ नका, तो तुमच्याच हातात राहू द्या. जागा सोडण्याआधी कुणीही न बोलता एक मिनिट तिथला आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यं जोडताना हेच मिनिट उपयोगी पडतं.

टँकर येण्याच्या अर्धा तास आधी पोचा. रिकाम्या हंड्यांचा आवाज, कुत्रं, लांबचा कोंबडा, हॉर्न, पाइपातून पडणारं पाणी, टाकीच्या तळाला घासणारी बादली, हे सगळं वेगवेगळं घ्या. आवाज घेताना बोलू नका. गर्दीत ‘काकी, इकडं बघून बोला’ असं तुम्ही ओरडलात की तो आवाज वाया गेला.

मुलाखत टँकर निघून गेल्यावर घ्या, घाई संपलेली असते. माणूस ज्या नात्यानं गावात ओळखला जातो त्याच नात्यानं बोला. वयस्क बाईंना मावशी किंवा काकी, म्हाताऱ्या माणसाला आबा किंवा अण्णा. ‘मॅडम, आपलं मत काय?’ असं विचारलंत तर मत मिळतं, आणि कार्यक्रमासाठी आपल्याला घडलेलं हवं असतं. कालचा दिवस विचारा.

‘मावशी, काल टँकर आला हुता का?’
‘आला की. पर निम्मी टाकी बी भरली न्हाई.’
‘मग घरात किती हंडं आलं?’
‘दोन. एक म्या, एक सूनबाईनं.’
‘आन् जनावरास्नी?’

इथं त्या थांबतात. चार सेकंद, पाच सेकंद. नव्या बातमीदाराला ही शांतता सहन होत नाही आणि तो पुढचा प्रश्न टाकतो. टाकू नका. ‘जनावरास्नी इकत घ्यावं लागतं,’ हे उत्तर त्या शांततेतूनच येतं. कार्यक्रमातही ते चार सेकंद तसेच ठेवा.

त्यांची भाषा तशीच राहू द्या. माणदेशी बोली संकलनात ‘शुद्ध’ करण्याचा प्रश्नच येत नाही. निवेदकानंही त्यांचं म्हणणं पुस्तकी मराठीत पुन्हा सांगायचं कारण नाही, कारण श्रोत्याला ते कळलेलं असतं.

तीन प्रकारचे आवाज हवेत. ज्यांच्या घरात पाणी येत नाही ते. जे टँकर चालवतात किंवा नोंदवहीवर सही करतात ते. आणि ज्यांना पाणी पुरेसं मिळतं तेही. शेवटचे आवाज लोक टाळतात. पण वरच्या आळीला पाणी येतं आणि खालच्या वस्तीला येत नाही, हे कळल्याशिवाय प्रश्न कळतच नाही. खालची वस्ती कुणाची आहे, हेही बघा. जातीचं नाव घेऊन कुणाला दुखावायचं नाही, पण वाटपातला फरक लपवायचाही नाही. टाकी कुठे आहे आणि पाइप कुठे संपतो, एवढं अचूक सांगितलं की ऐकणाऱ्याला उरलेलं उमगतं.

बोलणाऱ्याला आधी सांगा की हे रेडिओवर लागणार आहे, कधी लागणार आहे, आणि नाव नको असेल तर नाव घेणार नाही. टँकरवर अवलंबून असलेल्या बाईला उद्या त्याच टँकरवाल्यासमोर उभं राहायचं असतं. लहान मुलांशी बोलायचं तर आई-वडिलांची परवानगी घेऊनच. आणि विषय अत्याचाराचा असेल तर पीडितेची ओळख पटेल असा एकही तपशील, गावाचं नावसुद्धा, जाता कामा नये. तो कायद्यानं गुन्हा आहे.

साहेबांची बाजू

ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), सरपंच, पाणीपुरवठ्याचे उपअभियंता, गटविकास अधिकारी, तहसीलदार, या क्रमानं जा. खालून वर गेलात की प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो आणि तुम्हाला नकाशा मिळतो. २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळातला निर्णय असेल तर उत्तर सभापतींकडे शोधू नका, आदेशावर सही कुणाची आहे ते बघा.

आधी प्रश्न लेखी द्या. अधिकारी यानं सावध होतात हे खरं, पण तयारीनं दिलेलं उत्तर आपल्यालाही हवंच असतं. समोर बसल्यावर आरोप करू नका, हिशेब मांडा. ‘साहेब, आदेशात रोज एक खेप आहे. वस्तीवर चौदा दिवसांत आठ खेपांची नोंद आहे. बाकीच्या सहा दिवसांचं काय झालं असेल?’ कधी उत्तर अगदी साधं असतं: भरणा केंद्रावरची वीज गेली होती, गाडी बंद पडली होती. ते उत्तर पूर्ण वाजवा. मग वस्तीवर परत जाऊन ते ऐकवा आणि लोकांचं म्हणणं घ्या. फेरी म्हणतो ती ही.

बोलायला नकार मिळाला तर किती वेळा आणि कोणत्या दिवशी संपर्क केला ते वहीत तारखेसह लिहा. कार्यक्रमात एकच वाक्य पुरे: ‘कार्यालयाकडे आम्ही तीन वेळा विचारणा केली, हा कार्यक्रम तयार होईपर्यंत उत्तर आलेलं नाही.’ आवाजात राग नको.

कानासाठी लिहिणं

वाचणारा मागची ओळ पुन्हा बघू शकतो, ऐकणारा नाही. रेडिओची सगळी लेखनशैली या एका अडचणीतून जन्मते. प्रसिद्धिपत्रकाच्या वळणानं लिहिलं तर असं होतं: ‘टंचाईग्रस्त वस्तीस शासकीय निकषांनुसार प्रतिमाणशी प्रतिदिन २० लिटर पाणीपुरवठ्यासाठी मंजूर करण्यात आलेल्या टँकर खेपांपैकी केवळ ५७ टक्के खेपा प्रत्यक्षात झाल्याचे निदर्शनास आले आहे.’ भाकरी थापता थापता हे कुणालाही कळणार नाही. हेच असं सांगा: ‘वस्तीवर माणसं सहाशे. सरकारी हिशेबानं प्रत्येकाला रोज वीस लिटर पाणी. म्हणजे लग्नात ठेवतात तो पाण्याचा एक जार. सहाशे जार म्हणजे बारा हजार लिटर, एक मोठा टँकर. तो रोज यायला हवा. आम्ही चौदा दिवस मोजलं. टँकर आला आठ दिवस.’

वाक्यं छोटी, क्रियापद लवकर, एका वाक्यात एकच आकडा. टक्केवारीच्या जागी मोजता येणारी वस्तू. माणसाचं पद आधी आणि नाव नंतर, म्हणजे नाव येईपर्यंत कान तयार असतो. ‘वरील’, ‘खालील’, ‘पूर्वी नमूद केल्याप्रमाणे’ हे शब्द रेडिओवर निरर्थक आहेत. लिहून झालं की मोठ्यानं वाचा. जिथं श्वास अडतो तिथं वाक्य तोडा. मी मिनिटाला साधारण एकशेदहा शब्द धरतो. पंधरा मिनिटांत निवेदन पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त झालं तर लोकांचे आवाज कमी पडलेत असं समजा.

सुरुवात आवाजानं करा. आधी हॉर्न आणि घागरी वाजू द्या, मग निवेदक बोलेल. ‘नमस्कार श्रोतेहो, आज आपण एका ज्वलंत विषयावर…’ असं सुरू केलं की लोक केंद्र बदलतात.

संकलनाला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मूळ फाइल कधीही कापू नका, प्रत करून कापा. फाइलला तारीख आणि वस्तीचं नाव द्या. दुःखाच्या प्रसंगाखाली सनई किंवा बासरी घालू नका. एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडणं. वेळ कितीही कमी असला तरी नाही.

माझी एक चूक सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. आमच्या भागात एकाच गावाच्या दोन वस्त्यांची नावं जवळपास सारखी आहेत, एक ‘वरची’ आणि एक ‘खालची’. घाईत मी खालच्या वस्तीचा आकडा वरच्या वस्तीच्या नावानं वाचला. ज्यांना पाणी येत होतं त्यांना शेजारचे लोक दोन दिवस बोल लावत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कार्यक्रमात, मी चूक काय होती आणि बरोबर काय आहे ते सांगितलं. पहिल्या मिनिटात सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक स्क्रिप्टमधली गावं, आडनावं आणि आकडे मी दुसऱ्या माणसाकडून मूळ वहीशी ताडून घेतो, वेळ कितीही कमी असो.

पर्यावरणाचा विषय आला तर: जनसुनावणी

खाण, साखर कारखान्याची आसवनी, औष्णिक वीज, मोठे प्रकल्प यांच्यापैकी अनेकांना पर्यावरण मंजुरी लागते आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार त्याआधी बहुतेक वेळा जनसुनावणी होते. लोकांना आपलं म्हणणं कायद्याच्या नोंदीत घालण्याची ही दुर्मीळ संधी. पण ती वाया जाते, कारण नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात छापून येते आणि वस्तीवर ते दैनिक येत नाही. रेडिओचं काम इथून सुरू होतं.

नोटीस आणि सुनावणी यांच्यात किमान ३० दिवस असावे लागतात. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो आणि जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी तो वाचायला ठेवलेला असतो. तिथं जा, सारांश वाचा, आणि तीस दिवसांत चार भागांची मालिका करा: प्रकल्प कुठे आहे, पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, बोलायचं असेल तर कसं. तांत्रिक शब्दांचा अर्थ सांगायला जवळच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना बोलवा, पण ते प्रकल्पाचे सल्लागार नाहीत ना हे आधी विचारा. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये झाली तेव्हा मराठीतला अहवाल गावांना वेळेत मिळाला नाही, ही स्थानिकांची मोठी तक्रार होती. अहवाल लोकांच्या भाषेत कानावर पडला पाहिजे, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलंय.

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात, आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. गणसंख्येची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. हे श्रोत्यांना आवर्जून सांगा. शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून दाखवायचा असतो. बहुतेक पत्रकार तोपर्यंत निघून गेलेले असतात. तुम्ही थांबा. सकाळी ज्या बाईंनी विहिरीबद्दल हरकत घेतली ती सारांशात आली का, हे वहीत टिक करत ऐका. नसेल आली तर त्यांना तिथंच हात वर करायला सांगणं हे बातमीदाराचं काम नव्हे. पण काय वाचलं गेलं आणि काय नाही, हे संध्याकाळी नेमकं सांगणं नक्कीच आपलं काम आहे.

निवडणुकीचे दिवस

आचारसंहिता लागली की आम्ही उमेदवार, त्यांचे नातेवाईक आणि प्रचारप्रमुख यांचे आवाज पूर्ण बंद करतो, अगदी सण-उत्सवाच्या कार्यक्रमातूनही. मतदान संपण्याआधीचे ४८ तास तर फक्त मतदान केंद्र, ओळखपत्र, दिव्यांग मतदारांची सोय एवढीच माहिती. ग्रामपंचायत निवडणूक महाराष्ट्रात पक्षचिन्हावर होत नाही, तरी निकालानंतर पक्ष आपापली सरपंचसंख्या सांगतात. ती गणती रेडिओवर करू नका. वॉर्डाचं नाव, निवडून आलेल्यांचं नाव आणि त्या वॉर्डाचे तीन अपूर्ण प्रश्न, एवढं प्रशासनाच्या अधिकृत निकालानंतर पुढच्या विकासविषयक कार्यक्रमात घ्या.

कार्यक्रम लागल्यानंतर

१९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोता मंडळं उभी केली होती. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, गावकरी एकत्र बसून ऐकणार, ऐकून चर्चा करणार, ठरवून काहीतरी करणार आणि प्रश्न पुन्हा केंद्राकडे पाठवणार. सत्तर वर्षांपूर्वीची ही रीत आज कितीतरी स्वस्तात करता येते. टाकीजवळ, अंगणवाडीत, दूध संकलन केंद्रावर, जिथं माणसं आपोआप जमतात तिथं एक रेडिओ आणि एक वही ठेवा. कार्यक्रम संध्याकाळी एकदा आणि सकाळी दूध घालायच्या वेळेला एकदा लावा, कारण शेतावर जाणाऱ्या बायकांना दुसरी वेळ नसते.

वहीत आलेले प्रश्न पुढच्या आठवड्याच्या फोन-इनमध्ये त्याच अधिकाऱ्यांसमोर ठेवा. ‘चौकशी करतो’ असं ते प्रसारणात म्हणाले तर ती तारीख केंद्राच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा आणि त्याखाली पंधरा दिवसांनंतरची तारीख. त्या दिवशी पहाटे साडेपाचला पुन्हा टाकीपाशी जायचं, हेडफोन लावून, हॉर्न वाजण्याच्या आधी.